तिबुर्सिओचा मुखवटा

१

लाल रुमालाची गाठ सुटली आणि आतून वाळका भोपळा निघाला. अर्धा चिरलेला, पाणी प्यायला घरोघरी असतो तसला. राजधानीहून आलेल्या बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "हाच का तो ऐतिहासिक मुखवटा?"

आमची नगराध्यक्ष योलांदा हिच्या तोंडचं पाणी पळालं. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, कुणीतरी भर चौकात माझी अब्रू काढली.

आमच्या त्लाश्काला राज्यातल्या गावागावांतून एकेक वस्तू गोळा करून राजधानीत इतिहासाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. ज्या गावांत देवळं पुरलेली आहेत त्यांनी दगड दिले, ज्यांच्याकडे लढाया झाल्या त्यांनी तलवारी दिल्या. आमच्या सान बेनितोकडे दाखवण्यासारखं एकच होतं, तिबुर्सिओचा मुखवटा. फार वर्षांपूर्वी मळ्याच्या मालकानं मजुरांना कार्निव्हलात नाचायची बंदी केली, तेव्हा तिबुर्सिओ नावाच्या मजुरानं त्या मालकाचाच चेहरा लाकडात कोरला. गुलाबी गाल, मिशीचे आकडे, निळे काचेचे डोळे, आणि दोरी ओढली की मिटणाऱ्या पापण्या. तो तोंडाला लावून पठ्ठ्या मालकाच्या अंगणात नाचला. फटके खाल्ले, पण मुखवटा काढला नाही.

गावचा चौक तिबुर्सिओच्या नावाचा, शाळा तिबुर्सिओच्या नावाची. त्या शाळेत मी जन्मभर ही गोष्ट शिकवली. माझ्या मुलाचं नावसुद्धा तिबुर्सिओ ठेवलं. तो आता सरहद्दीपलीकडे शिकागोत हॉटेलात स्वयंपाक करतो आणि दर कार्निव्हलच्या रविवारी फोन करून विचारतो, "आई, माझ्या नाववाल्याची मिरवणूक निघाली का?"

ही गोष्ट शोधून काढली फिदेन्सिओ मास्तरांनी. आमच्याकडे प्रत्येक गावाचा एक बखरकार असतो, गावानं नेमलेला आणि मरेपर्यंतचा. मास्तर आमचे बखरकार. मला त्यांनीच शिकवलं, आणि आपल्यामागे बखरकार म्हणून माझंच नाव त्यांनी सुचवून ठेवलं होतं.

"काल नाबोरला मुखवटा साफ करायला दिला होता," योलांदा रडवेली होऊन मला सांगू लागली. "संध्याकाळी त्यानं बांधलेलं गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. मी तसंच पंचायतीच्या कपाटात ठेवलं. किल्ली माझ्या गळ्यात होती, बाई. उघडून नाही पाहिलं. नाबोरच्या हातून आलेलं, कशाला बघू?"

नाबोर म्हणजे गावातला मुखवटे कोरणारा. त्याचा बाप माकारिओ, तोही तेच करायचा आणि राज्यात नावाजलेला होता. नाबोरला बोलावलं. तो आला, भोपळ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याची कीव आली.

"मी चोरला नाही," तो म्हणाला. "आणि बाई, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. मला विचारू नका."

झालं. तासाभरात गावानं निकाल दिला. रविवारी कार्निव्हल, त्याआधी मुखवटे घालून नाचणाऱ्या पथकाची सभा. त्या सभेत नाबोरला पथकातून काढायचं ठरलं. चोराच्या हातचा मुखवटा कोण तोंडाला लावणार? म्हणजे गाव सोडून पुएब्लाच्या कारखान्यात जाण्याशिवाय त्याला गत्यंतर उरलं नसतं.

"बाई, तुम्ही छडा लावा," योलांदा म्हणाली. "पोलीस आले तर ते आधी त्याला बडवतील आणि मग विचारतील."

२

मी सगळ्यात आधी मास्तरांकडे गेले. अडचण आली की मी आयुष्यभर तिथंच गेले आहे.

मास्तर गुडघ्याला फडकं गुंडाळून खुर्चीत बसले होते. वय झालं, तरी आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. तरुणपणी कार्निव्हलात चाबकाचा फटका नाकावर बसला होता, तेव्हापासून ते नाक डावीकडे झुकलेलं. पोरं मागून त्यांना 'वाकडं वळण' म्हणत. मीही म्हणायचे.

"ये हर्लिंदा. जेवून जा. रडायचं ते भरल्या पोटी रड."

सूनबाईनं राजमा आणि मक्याच्या भाकरीसारख्या तोर्तिया वाढल्या. तोर्तिया पांढऱ्या, कागदासारख्या पातळ आणि एका मापाच्या होत्या. दुकानातल्या! मी चाट पडले. मास्तर अंगणातल्या मातीच्या कणगीतला आपला निळा मका सोडून दुसरं अन्न तोंडात घालत नसत. दुकानातून पीठ आणणाऱ्या बायकांची ते भर रस्त्यात टर उडवायचे.

"हे काय मास्तर? धर्म बाटला की!"

"कणगीला कीड लागली ग. कालच विषारी औषध टाकलं. सूनबाईला बजावलंय, हात घालायचा नाही म्हणून."

बाहेर कणगीखाली कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. मी राजम्यात तोर्तिया बुडवली आणि मुद्द्यावर आले.

"नाबोर असं करील?"

मास्तरांनी मोठा सुस्कारा टाकला. "माझा धर्मपुत्र तो. बाप्तिस्म्याला मी त्याला हातात धरला होता. काय बोलू मी? पण महिना झाला, इकडे फिरकला नाही. मनात पाप असल्याशिवाय माणूस तोंड चुकवतो का?"

"मुखवटा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"गेल्या कार्निव्हलला. या गुडघ्यानं पंचायतीचा जिना चढवतो का मला? मी तर योलांदाला सांगणार होतो, राजधानीला पाठवू नकोस, ते लोक चिरफाड करतील. विचारलं का मला कुणी? आणि साफ करायला दिला तो त्या कार्ट्याला! जुनी दोरी काढून पापण्यांना निळी दोरी ओवली त्यानं. इतिहासाला हात लावायला अक्कल लागते."

त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांचा हात हातात घेतला. ते निळ्या दोरीचं वाक्य माझ्या कानावरून तेव्हा तसंच गेलं.

निघताना ते म्हणाले, "हर्लिंदा, फार खणत बसू नकोस. पोराला माफ करायला सांग सभेला. मुखवटा गेला तरी गोष्ट आहे ना आपल्याकडे?"

मला ते थोरपण वाटलं. घरी येईपर्यंत मी त्यांचं कौतुक करत होते.

३

संशय घ्यायला दुसरा माणूस होता तो रुतिलिओ, जुन्या वस्तूंचा व्यापारी. आठवडी बाजारात त्याचं दुकान असतं आणि गावातली निम्मी घरं त्यानं गोड बोलून रिकामी केली आहेत. दुसऱ्या दिवशी बाजार होता, तिथंच मी त्याला गाठलं.

"बाई, देवाशप्पथ, तुमच्या देवळातली घंटा द्या, घेतो," तो दात काढत म्हणाला. "तुमचा तो मुखवटा फुकट दिलात तरी नको."

"का रे बाबा? द्राक्षं आंबट?"

"तसं समजा. जुन्या मुखवट्याची किंमत मी आतून करतो. नाचणाऱ्याचा घाम पिऊन आतलं लाकूड काळं पडतं, तेलकट होतं. रंग काय, कुणीही लावतो. मी मास्तरांना म्हटलं, एकदा आतून दाखवा. तर माझ्यावर काठी उगारली. मुखवटा कायम फळीवर ठोकलेला, आत कातड्याचं अस्तर. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. मला धंदा करायचाय, भांडण नाही."

"म्हणजे तुला म्हणायचंय काय?"

"मला काहीच म्हणायचं नाही. तुम्ही शिकलेली माणसं." आणि त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

मला राग आला. आमच्या तिबुर्सिओवर संशय घेणारा हा कोण टिकोजीराव? त्याच रागात मी नाबोरच्या घरी गेले. तो अंगणात पालथ्या पाटीवर बसून होता. माझ्याकडे मान वर करून बघेना. त्याच्या आईनं, कासिमिरानं, मला आत नेलं.

"परवा दुपारपासून असा आहे," ती कुजबुजली. "मुखवटा साफ करत होता. पापणीची दोरी कुजली म्हणून माझ्या भरतकामाच्या डब्यातली निळी दोरी मागून घेतली. मग अस्तर काढलं न् एकदम गप्प झाला. त्याच्या बापाच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिला. मला विचारतो, आई, बाबांनी कधी माणसाशिवाय मुखवटा कोरलाय का ग?"

"मग तू काय म्हणालीस?"

कासिमिरा हसली. "काय म्हणणार? मुखवटा आतून चेहऱ्याच्या मापानं कोरतात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. नाक इथं, कपाळ तिथं. दुसऱ्याला घालून बघ म्हटलं तर अर्ध्या नाचात गळून पडेल. माकारिओ तर हट्टी. समोर चेहरा बसल्याशिवाय लाकडाला पटाशी लावायचा नाही. एकदा एका दुकानदारानं टुरिस्टांसाठी दहा मुखवटे मागितले. हा म्हणाला, दहा माणसं पाठव!"

आम्ही दोघी हसलो. मग डोळे पुसता पुसता मी सहज विचारलं, "निळी दोरी ओवल्याचं कुणाला सांगितलंस का?"

"कुणाला सांगू? ओवली, मुखवटा रुमालात बांधला, न् तो लगेच निघाला. संध्याकाळी आला तर म्हणाला, भूक नाही, पाद्रिनोंकडे निळ्या तोर्तिया खाल्ल्या."

पाद्रिनो म्हणजे धर्मपिता. म्हणजे मास्तर.

महिनाभर फिरकला नाही म्हणाले होते ना ते?

४

रविवारी सगळं गाव प्रार्थनेला गेलं. मास्तरांनाही सुनेनं आणि नातवांनी खुर्चीत बसवून नेलं. मी देवळाच्या दारातून मागे वळले आणि त्यांच्या अंगणात शिरले. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात चोरासारखी गेले.

तीन पायऱ्यांची बुटकी शिडी कणगीला टेकलेलीच होती. वर चढले, गवताचं छप्पर सरकवलं. औषधाचा वास नाही, काही नाही. नव्या मक्याचा गोड वास तेवढा. विष टाकलेल्या कणगीखाली कोणी आपल्या कोंबड्या सोडतं का? हे मला परवाच सुचायला हवं होतं. पण माणसावर श्रद्धा असली की डोळ्यांवर झापडं येतात, दुसरं काय!

मी कोपरापर्यंत हात मक्यात घातला. बोटांना मिशीचा आकडा लागला.

मनात मी अजून मास्तरांची वकिली करत होते. मुखवटा राजधानीत जाऊ नये म्हणून लपवला असेल. म्हातारपणी माणूस हट्टी होतो. रागावेन, समजूत काढेन. असं मी स्वतःला सांगत होते. मग मी तो उलटा केला.

अस्तर निघालेलं होतं. आतलं लाकूड स्वच्छ, फिकं, घामाचा थेंब न प्यालेलं. कपाळाची खोबण रुंद होती. आणि नाकासाठी कोरलेली जागा सरळ नव्हती. ती एका बाजूला झुकलेली होती. मी मुखवटा माझ्या तोंडासमोर धरून बघितला, खात्री करायला. ती डावीकडेच झुकत होती.

मी शिडीवरच बसले. खाली कोंबड्या फिरत होत्या. मला रडू येत नव्हतं, त्याची चीड आली.

५

देवळाच्या अंगणात सभा भरली. नाचणारे सजून आले होते, डोक्यावर पिसांचे मोठाले तुरे आणि काखेत आपापला मुखवटा. नाबोर एकटा भिंतीशी उभा होता. त्याच्या शेजारी त्याची आई, ताठ मानेनं.

पथकाचा म्होरक्या बोलायला उभा राहिला, तेवढ्यात मी पुढे झाले आणि शालीआडून मुखवटा काढला. एकच गलका झाला.

"बाई, कुठं सापडला?"

"सांगते. आधी सगळे खाली बसा."

"बाई, परीक्षा घेताय का?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"हो. आणि तू नेहमीप्रमाणे नापास होणार आहेस, म्हणून ऐक. नाबोरनं तीन दिवसांपूर्वी मुखवटा साफ केला आणि पापण्यांना निळी दोरी ओवली. हे फक्त त्याला आणि त्याच्या आईला ठाऊक होतं. मुखवटा लाल रुमालात बांधला, तो पंचायतीत पुन्हा कुणी उघडला नाही. मग ज्यानं नाबोरच्या घराबाहेर ही निळी दोरी पाहिली, त्यानं तो वाटेत उघडला. असा एकच माणूस मला भेटला. तो म्हणतो, नाबोर महिनाभर माझ्याकडे आला नाही. नाबोर मात्र त्याच दिवशी त्याच्याकडे निळ्या तोर्तिया जेवला. आणि त्यानंतर त्या घरात निळ्या तोर्तिया बंद झाल्या, कारण कणगीत हात घालायची मनाई झाली."

आता कुणी हसत नव्हतं. निळा मका कुणाच्या घरी होतो ते सगळ्यांना माहीत होतं. माना हळूहळू मास्तरांच्या खुर्चीकडे वळल्या.

"मास्तरांनी लपवला असेल तर लपवू दे!" म्होरक्या म्हणाला. "त्यांनीच शोधला, त्यांनीच जपला. आपल्या तिबुर्सिओची वस्तू आहे."

"तिबुर्सिओची आहे ना? मग हा तिबुर्सिओच्या चेहऱ्याच्या मापाचा असणार. कोण घालून बघतंय?"

पुढची ओळ मागे सरकली. मेलेल्या माणसाचा मुखवटा आमच्यात कोणी तोंडाला लावत नाही. इतकी वर्षं मास्तर त्याच भरवशावर राहिले होते.

"नाबोर, तू ये."

"बाई, नको," तो पहिल्यांदा बोलला. "माझ्या बापाचं नाव आहे त्यात. लोक म्हणतील, माकारिओ खोटारडा होता."

त्याच्या आईनं त्याच्याकडे बघितलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं असावं. "तुझा बाप खोटा असता तर त्यानं हा कुणाच्याही मापाचा केला असता," ती म्हणाली. "ये, लाव तोंडाला."

नाबोरनं मुखवटा लावला. तो त्याच्या नाकावर अडला, तिरका झाला आणि त्याच्या हातात पडला.

मी मास्तरांकडे वळले. त्यांना काही विचारायची माझी हिंमत होईना. म्हाताऱ्यानंच हात पुढे केला. नाबोरनं मुखवटा त्यांच्या हातात दिला. मास्तर कुणाचा आधार न घेता उभे राहिले आणि त्यांनी तो आपल्या तोंडाला लावला.

त्याला फीत बांधावी लागली नाही. तो चेहऱ्यावर असा बसला की आता मागून कोण बोलतंय तेही ओळखू येईना.

"राज्याचा इतिहास लिहिला तेव्हा प्रत्येक गावाला पान होतं," मुखवट्यातून आवाज आला. "आपल्याला एक ओळ. 'येथे मळ्यावरील मजुरांची वस्ती आहे.' एक ओळ, हर्लिंदा! मी किती शोधलं. काहीच मिळालं नाही. मग मीच एक माणूस केला. माकारिओला म्हटलं, जुना वाटेल असा मुखवटा कर. तो म्हणाला, कुणाच्या चेहऱ्यासाठी? मी म्हटलं, कुणाच्याच नाही. तो म्हणाला, तसं मला येत नाही. मग मीच बसलो त्याच्यासमोर."

"आणि जाळला का नाहीत? सगळं संपलं असतं."

"चुलीपर्यंत नेला होता. हात धजला नाही. तोपर्यंत माझाही विश्वास बसला होता त्याच्यावर."

इथवर मी कदाचित माफ केलं असतं. खरंच सांगते. गावासाठी खोटं बोलणारा माणूस मला समजू शकतो. पण भिंतीशी नाबोर उभा होता, धर्मपित्याच्या चुलीपाशी जेवून, त्यानंच बांधून दिलेला भोपळा विश्वासानं पंचायतीत पोचवणारा.

"नाबोरनं काय केलं होतं मास्तर? तो तर तुम्हालाच विचारायला आला होता. त्याचा गळा का कापलात?"

"तो बोलणार नाही हे मला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "बापाचं नाव तो सांभाळणार, हे मीच त्याला शिकवलंय."

मग त्यांनी दोरी ओढली. निळ्या काचेवर दोन्ही पापण्या अलगद मिटल्या. नाबोरची दोरी चांगली बसली होती.

६

नाबोर त्या दिवशी नाचला. मास्तरांच्या खुर्चीजवळून जाताना त्यानं मान वळवली नाही. प्रदर्शनाला मुखवटा मी पाठवला, आणि खाली लिहायला सांगितलं, कोरणारा माकारिओ, चेहरा फिदेन्सिओचा, गाव सान बेनितो, येथे मळ्यावरील मजुरांची वस्ती आहे. राजधानीच्या बाईंनी फोन करून विचारलं, एवढंच का? मी म्हटलं, आमच्याकडे खरं एवढंच आहे. बाकीचं आता शोधायला लागणार.

चौकाच्या नावाचं काय करायचं यावर गावात अजून भांडणं चालू आहेत. मास्तरांकडे मी त्यानंतर गेले नाही. त्यांची सून सांगते, ते रोज विचारतात, हर्लिंदा आली का. मला त्यांची आठवण येते आणि त्या आठवणीचा राग येतो.

त्या रविवारी संध्याकाळी, वाजंत्री अजून वाजत असताना, शिकागोहून फोन आला.

"आई, माझ्या नाववाल्याची मिरवणूक निघाली का?"

मी त्याला सगळं सांगितलं. पोरांना जन्मभर शिकवलं त्याच आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याच्या मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता.

"आई," शेवटी तो म्हणाला, "इथं मालक अंगावर ओरडतो ना, तेव्हा मी मनात म्हणतो, मी तिबुर्सिओ आहे, मी मुखवटा काढणार नाही. रोज म्हणतो ग. मग आता मी कुणाच्या नावाचा?"

मी फोन घेऊन खिडकीपाशी गेले. बाहेर नाचणारे चौकात पोचले होते आणि पोरं नेहमीसारखी तिबुर्सिओच्या नावानं ओरडत होती.